अमेरिकेत कागदपत्रं नसलेली आपली मुलं आणि कॉलेज प्रवेश

रारिटनकाठ

कॉलेजच्या अर्जांचे दिवस आले की मला ठरावीक प्रकारचे फोन सुरू होतात. समोरची व्यक्ती आधी इकडचं तिकडचं बोलते, मग आवाज खाली आणून विचारते, "ताई, एका ओळखीच्यांच्या मुलाचं विचारायचं होतं. त्यांचं स्टेटस जरा... म्हणजे नाहीये." मी न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) विद्यार्थ्यांच्या मदत कक्षात काम करते. हे फोन गुजराती, पंजाबी घरांतून येतात, तसे मराठी घरांतूनही येतात. आपल्यात मात्र याबद्दल कुणी उघडपणे बोलत नाही. मंडळाच्या गणपतीत दोन घरं शेजारी बसून मोदक खातात आणि दोघांचीही तीच अडचण असते, पण एकमेकांना पत्ता नसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. तेव्हा "आपल्यात असं कुणी नसतं" हे म्हणणं आता सोडून द्यावं.

आपल्याकडची बहुतेक कुटुंबं सीमा ओलांडून आलेली नाहीत, रीतसर व्हिसावर आलेली आहेत. एच-१बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी जाते, नवी शोधायची ६० दिवसांची मुदत संपते, वकील "काहीतरी करू" म्हणतो, अर्ज नामंजूर होतो. तोवर मुलं शाळेत रुळलेली असतात. वर्षं निघून जातात आणि एक दिवस बारावीतली मुलगी घरी येऊन विचारते, "आई, माझा सोशल सिक्युरिटी नंबर काय आहे?" हा सरकारी नंबर स्टेटस नसलेल्यांना मिळत नाही.

म्हणून हा धागा. मला माहीत आहे ते लिहिते, बाकीच्यांनी भर घालावी.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा: कागदपत्रं नसलेल्या मुलाला कॉलेजने प्रवेश देऊ नये असा कोणताही केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. शाळेचा तर हक्कच आहे. टेक्सासमधल्या टायलर गावच्या शाळा मंडळाने अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागायला सुरुवात केली, त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा पोरांना देता येणार नाही, असा त्याचा गाभा. प्लायलर विरुद्ध डो म्हणून तो ओळखला जातो. पण त्याचं छत्र बारावीपर्यंतच. पुढे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

तिथे अडचण येते ती फीची. सरकारी विद्यापीठांत राज्यातल्यांना एक फी आणि बाहेरच्यांना तिच्या दुप्पट, तिप्पट, कुठे त्याहूनही जास्त. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना बजावलं की नुसत्या रहिवासाच्या जोरावर बिनकागदाच्या मुलांना ही सवलत द्यायची असेल, तर ती देशभरातल्या सगळ्या नागरिकांना द्यावी लागेल. राज्यांनी यातून वाट काढली. सवलत रहिवासाला न जोडता शाळेला जोडली. आमच्या राज्यात तीन वर्षं हायस्कूल केलं आणि इथूनच पास झालात, तर राज्याची फी. मग तुम्ही नागरिक असा वा नसा. २००१ मध्ये आधी टेक्सासने हे केलं, मग कॅलिफोर्नियाने. न्यू जर्सीत डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल ख्रिस्टींनी सही केली आणि २०१८ मध्ये राज्यपाल मर्फींनी राज्याची आर्थिक मदतही या मुलांना खुली केली. माझ्या कामात त्यानंतर फार फरक पडला. काउंटी कॉलेजात घरचं उत्पन्न ६५ हजार डॉलरच्या आत असेल तर राज्याच्या योजनेतून शिकवणी फी माफ होऊ शकते आणि ती योजना या मुलांनाही लागू आहे. त्यासाठी फाफ्सा (केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरायचा नाही, राज्याचा वेगळा पर्यायी अर्ज असतो.

दुसऱ्या टोकाला दक्षिण कॅरोलिना आहे. तिथे सरकारी कॉलेजात प्रवेशच बंद. अलाबामातही सरकारी संस्थांची दारं अशीच लावून घेतली आहेत आणि जॉर्जियात मोठ्या, मानाच्या सरकारी विद्यापीठांत घेत नाहीत. तेव्हा टोरंटोच्या मावसभावाने किंवा अटलांटाच्या मैत्रिणीने सांगितलेलं तुमच्या राज्याला लागू होईल असं धरून चालू नका.

आता ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसले ते. कुठल्याही अर्जावर, कुठल्याही कारणाने, "अमेरिकन नागरिक" या चौकटीत टिक करू नका. कॉलेजचा अर्ज असो, फाफ्सा असो, नोकरीचा फॉर्म असो की लायसन्सच्या खिडकीवर पुढे सरकवलेला मतदार नोंदणीचा कागद असो. नागरिक असल्याचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यात असा डाग आहे की पुढे लग्नातून किंवा दुसऱ्या कशातून ग्रीन कार्डाचं दार उघडलं तरी तो आड येतो, आणि त्याला माफी मिळणं जवळजवळ अशक्य. मुदत उलटून राहिल्याची गोष्ट पुष्कळदा निस्तरता येते, ही येत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगा. सांगायचं तर आधी त्यांना आपल्या घरची परिस्थिती सांगावी लागेल. माझ्या मते नववीतच सांगावी.

---

सह्यकडा

ताई, फार गरजेचं लिहिलंत. एक शंका. डीएसीए नावाचं काही होतं ना, ओबामांच्या वेळचं, लहानपणी इथे आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून वाचवणारं? त्यात ही मुलं बसत नाहीत का?

---

रारिटनकाठ

@सह्यकडा, आज बारावीत असलेलं मूल त्यात जवळजवळ कधीच बसत नाही. ती योजना १५ जून २०१२ ला जाहीर झाली. अट अशी की १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत हवं आणि आलं तेव्हा वय १६ च्या आत हवं. आत्ताची बारावीची बॅच त्या सुमारास जन्मली किंवा त्यानंतर. शिवाय २०२१ पासून न्यायालयाच्या आदेशामुळे नव्या अर्जांवर कामच होत नाहीये. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांचं नूतनीकरण होतं, दर दोन वर्षांनी. त्यांना काम करायची परवानगी आणि सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. तरी केंद्राची शैक्षणिक मदत त्यांनाही मिळत नाही.

म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. "डीएसीए करून टाका" असं सांगून पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथून उठून या. बार कौन्सिलचा परवाना असलेला वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी, हे दोघे सोडून कुणाला एक पैसाही देऊ नका. देशी बाजारपेठांत 'इमिग्रेशन कन्सल्टंट' अशी पाटी लावून बसलेल्यांनी बरीच घरं बुडवली आहेत.

---

डलासकर

टेक्सासचं मी सांगतो, कारण इथे सगळंच उलटलं आहे. ज्या राज्याने २००१ मध्ये सुरुवात केली, तेव्हाचे राज्यपाल रिक पेरींनी सही केली, त्याच राज्याचा कायदा ४ जून २०२५ ला एका दिवसात गेला. केंद्राच्या न्याय खात्याने दावा लावला, राज्याने लढायचं सोडून मान्यच करून टाकलं आणि न्यायाधीशांनी त्याच दिवशी कायम मनाई दिली. ज्या पोरांचं नुकसान होणार होतं त्यांच्या बाजूने तोवर कुणी कोर्टात उभंही नव्हतं. चोवीस वर्षांचा कायदा होता हो. आमच्या ओळखीतला एक मुलगा तिसऱ्या वर्षात होता, अभ्यासात उत्तम. पुढच्या सेमिस्टरची फी बघून त्याने नाव काढून घेतलं आणि आता वडिलांबरोबर दुकानात उभा असतो.

फ्लोरिडानेही २०१४ चा आपला कायदा १ जुलै २०२५ पासून रद्द केला. केंटकी, मिनेसोटा, इलिनॉय यांच्यावरही खटले भरलेत. म्हणून ताईंच्या म्हणण्याला माझी पुस्ती: राज्याचा कायदा आहे एवढ्यावर थांबू नका, तो आज चालू आहे का हे कॉलेजात फोन करून विचारा. नाव न सांगता विचारता येतं.

---

ईबी२_प्रतीक्षेत

मला राग येतोय आणि तो मी दाबणार नाही. आम्ही पंधरा वर्षांपूर्वी आलो, एक दिवसही स्टेटस सोडलं नाही, कर भरले, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहोत. माझी मुलगी एच-४ वर आहे, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर. २१ ची झाली की ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल आणि तिला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, ज्या देशात ती बालवाडीपासून शिकली तिथे परदेशी विद्यार्थी म्हणून. फाफ्सा तिलाही नाही. डीएसीए आलं तेव्हा अटच अशी होती की त्या तारखेला तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसायला हवं. म्हणजे नियम पाळणाऱ्यांची मुलं बाहेर. मग ज्यांनी मुदत उलटून राहायचं ठरवलं त्यांच्यासाठी आम्ही का हळहळायचं?

---

रारिटनकाठ

@ईबी२_प्रतीक्षेत, तुमचा राग रास्त आहे आणि तुमच्या मुलीवर होणारा अन्याय खरा आहे. अशा मुलांचा प्रश्न 'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही संघटना मांडते. ती दीप पटेल या तरुणाने सुरू केली, तोही याच फेऱ्यातून गेलेला. काँग्रेसमध्ये त्यावरचं विधेयक येतं आणि पडून राहतं.

पण एक बघा. तुमच्या मुलीने एच-४ निवडला नाही आणि दुसऱ्या घरातल्या मुलीने स्टेटस घालवलं नाही. दोघी पाच-सहा वर्षांच्या असताना कुणाच्या तरी कडेवर बसून विमानातून उतरल्या. तुमची नोकरी टिकली, त्या मुलीच्या वडिलांची गेली. उद्या तुमच्याकडेही ६० दिवसांचं पत्र येऊ शकतं. येऊ नये, पण तुम्ही-आम्ही सगळे तेवढ्याच काठावर आहोत. बिनकागदाच्या मुलीची फी वाढवल्याने तुमच्या मुलीची रांग एका दिवसानेही पुढे सरकत नाही. या दोन्ही मुलींना एकमेकींविरुद्ध उभं करणं मला मान्य नाही.

---

ईबी२_प्रतीक्षेत

काठावर आहोत हे खरं आहे. मागच्या वर्षीच्या कपातीत आमच्या टीममधली निम्मी माणसं गेली. तरी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. पण धागा वाचतोय.

---

जर्सीतली_ती

मी त्यातलीच एक. नाव-गाव देत नाही. कोल्हापूरहून २००९ मध्ये आले तेव्हा सात वर्षांची होते. डीएसीएची २००७ ची तारीख दोन वर्षांनी हुकली. हायस्कूलला सगळ्या मैत्रिणी गाडीचं परमिट काढायला गेल्या तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. त्याआधी मला वाटायचं की आपल्याला भारतात सुट्टीला जायला परवडत नाही.

वर ताईंनी चौकटीचं लिहिलंय, तेच सांगायला आले. अर्ज भरताना मी आणि बाबा शाळेच्या काउन्सिलरच्या खोलीत बसलो होतो. नागरिकत्वाचा प्रश्न आला. बाबांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि बाण 'यू.एस. सिटिझन'वर नेला. काउन्सिलर बाईंनी चक्क हात पडद्यावर ठेवला. म्हणाल्या, हे नको, हे सोडून काहीही. त्यांना तेव्हाच कळलं असणार. त्यांनी दुसरा एक शब्दही विचारला नाही, खुर्ची ओढून आमच्याशेजारी बसल्या आणि पुढचा अर्ज आमच्याबरोबर पूर्ण केला.

मी २०१९ ला पास झाले. राज्याची मदत त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली होती. आधी काउंटी कॉलेज, तिथून राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. क्रेडिटं सगळी धरली गेली, कारण बदलीचा राज्यभर करार आहे. बाकीचे पैसे 'द ड्रीम डॉट यू.एस.' सारख्या खासगी शिष्यवृत्त्यांकडे मागितले, काही मिळाले, काही नाही. आता मास्टर्स करतेय. मला लोक विचारतात, काम करायची परवानगी नाही तर एवढं शिकून काय? माझ्याकडे एकच उत्तर आहे. उद्या कायदा बदलला तर मला अठरा वर्षांच्या मुलीसारखी पहिल्या वर्षात बसायला लागायचं नाही. आणि नाही बदलला, दुसऱ्या देशात जावं लागलं, तर पदवी माझ्याबरोबर येईल.

---

बे_एरियातली_मावशी

@जर्सीतली_ती, बाळा, शाब्बास.

कॅलिफोर्नियाचं थोडं लिहिते, इथली व्यवस्था सगळ्यात पक्की आहे. एबी ५४० या राज्याच्या कायद्याखाली राज्याची फी. यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बाहेरच्यांना जो जादा भार पडतो तोच वर्षाला ३४ हजार डॉलरहून जास्त आहे, तो वाचतो. राज्याची मदत हवी तर कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा अर्ज. त्याची मुख्य तारीख साधारण २ मार्च, पण दरवर्षी बघून घ्या. यूसीच्या अर्जात नागरिकत्वाच्या देशापुढे 'नो सिलेक्शन' असा पर्याय असतो, तो निवडता येतो.

२०१९ च्या कायद्यानुसार इथल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात (तुमच्याकडचं काउंटी कॉलेज) आणि कॅल स्टेट या राज्य विद्यापीठाच्या प्रत्येक कॅम्पसवर या मुलांसाठी एक नेमलेली व्यक्ती असावी लागते. बर्कलीत वेगळा कक्षच आहे. यूसीच्या मुलांना आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबाला फुकट कायदेशीर सल्ला देणारं केंद्रही आहे. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं नीट केली तर डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा धरून सहा यूसींत हमीचा प्रवेश मिळवता येतो. हमीत बर्कली आणि एलए नाहीत, पण तिथेही कम्युनिटी कॉलेजातून खूप मुलं जातात. आपल्या लोकांना 'कम्युनिटी कॉलेज' म्हटलं की कमीपणा वाटतो. तो विचार सोडा, या मुलांना तर तो परवडणारच नाही.

---

रारिटनकाठ

मावशी, अगदी बरोबर. खासगी कॉलेजांबद्दल एक ओळ राहिली होती. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही मंडळी प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत, नागरिक नसलेल्यांचीसुद्धा, आणि गरज असेल तेवढी मदत देतात. प्रवेश मिळणं महाकठीण. पण एखादं मूल त्या तोडीचं असेल तर "आपल्याला कोण घेणार" म्हणून अर्जच न करणं चूक आहे. पोमोना, स्वार्थमोर, टफ्ट्ससारखी कॉलेजंही अशा मुलांना परदेशी न धरता इथल्या मुलांसारखंच धरतात.

---

नवीन_आयडी

हा प्रश्न विचारायलाच खातं उघडलं. आम्ही न्यू जर्सीतच आहोत. मोठी मुलगी १७ ची आहे, मार्चमध्ये १८ पूर्ण होतील. एच-४ वर आली होती, यांची नोकरी गेल्यावर सगळंच गेलं. धाकटा इथे जन्मला. मुलीला नर्सिंग करायचं आहे. सांगलीत सासूबाई एकट्या आहेत, तर हे म्हणतात की मुलीला तिकडेच पाठवू, तिथे कॉलेज करेल. मला काही सुचत नाही. आणि धाकट्यासाठी पुढे फाफ्सा भरला तर आमचं नाव सरकारकडे जाईल का?

---

रारिटनकाठ

@नवीन_आयडी, बरं केलंत विचारलंत. तुमच्यासाठी तारीख महत्त्वाची आहे, म्हणून क्रमाने सांगते.

इमिग्रेशन कायद्यात बेकायदा राहिल्याचे दिवस १८ व्या वाढदिवसापर्यंत मुलांच्या नावावर मोजले जात नाहीत. मोजणी १८ पूर्ण झाल्यावर सुरू होते. १८० दिवसांपेक्षा जास्त झाले आणि मग ती देश सोडून गेली, तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष भरलं आणि मग गेली, तर दहा वर्षं. म्हणजे तुमच्या हातात साधारण पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा काळ आहे. त्याच्या आत वकिलाकडे जायलाच हवं. ती त्याआधी गेली तर ही बंदी लागणार नाही, पण परत यायला व्हिसा मिळेलच असं कुणीही सांगू शकत नाही, आणि आधीचा इथला मुक्काम व्हिसा अधिकाऱ्याला दिसणार. एकदा गेली की तुमची आणि तिची भेट कधी होईल हे कुणाच्या हातात राहणार नाही, कारण तुम्हालाही इथून हलता येत नाही. जावं की राहावं हे मी ठरवणार नाही, तुम्हीही दोघांनीच ठरवू नका. तिला समोर बसवा. आयुष्य तिचं आहे.

वकिलाकडे जाताना तिचा जुना पासपोर्ट आणि आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) घेऊन जा. ती तपासणी होऊन, रीतसर व्हिसावर देशात आली आहे. आज या कागदाची किंमत दिसत नाही, पण पुढे तिने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं तर इथेच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करता येईल की नाही हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. ते कागद फेकून दिलेल्या कुटुंबांना मी रडताना पाहिलं आहे.

नर्सिंगचं: न्यू जर्सीत २०२० पासून व्यावसायिक परवान्यासाठी इमिग्रेशन स्टेटस आड येत नाही. म्हणजे शिकता येईल, परीक्षा देता येईल, परवाना मिळू शकेल. कॅलिफोर्नियात असा कायदा २०१४ मध्ये झाला. पण परवाना म्हणजे नोकरीची परवानगी नव्हे, ते दोन वेगळे कागद आहेत. क्लिनिकलसाठी, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांबरोबरच्या प्रशिक्षणासाठी, रुग्णालयं ओळख तपासतात आणि काही जण सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. म्हणून ज्या कॉलेजात अर्ज करायचा तिथल्या नर्सिंग विभागाला आधीच विचारा की नंबर नसलेल्या मुलींचं क्लिनिकल त्यांनी आजवर कसं केलं. केलेलं असेल तर ते सांगतील.

धाकट्याचं: तो नागरिक आहे, फाफ्सा हा त्याचा हक्क आहे. आता नंबर नसलेल्या पालकांनाही खातं उघडून माहिती भरता येते. कायद्याने ती माहिती शैक्षणिक मदतीखेरीज कशाला वापरता येत नाही आणि कॉलेजकडच्या नोंदींना १९७४ च्या कायद्याचं संरक्षण आहे. पण काही होणार नाही अशी हमी मी पूर्वी द्यायचे, आता देत नाही. त्याला अजून अवकाश आहे, तेव्हाची परिस्थिती बघून वकिलाला विचारून ठरवा.

आणि मुलीचा अर्ज थांबवू नका. वकिलाची वेळ मिळायला आठवडे लागतात, तोवर काउंटी कॉलेजचा अर्ज भरून होईल. जायचं ठरलं तर सोडून देता येतो.

---

नवीन_आयडी

ताई, आय-९४ माझ्या कपाटात आहे. पासपोर्टची मुदत संपली आहे, तरी नेऊ का?

---

रारिटनकाठ

हो, न्या. आतलं व्हिसाचं पान आणि प्रवेशाचा शिक्का महत्त्वाचा आहे. दोन्हींच्या प्रती काढून एक संच घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. तुमच्या भागातल्या फुकट सल्ला देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी तुम्हाला निरोपातून पाठवते.

---

ईबी२_प्रतीक्षेत

@नवीन_आयडी, माझी मुलगी नर्सिंगच्याच दुसऱ्या वर्षाला आहे, न्यू जर्सीतच. प्रवेशाआधी कोणते विषय करून ठेवावेत, प्रवेश परीक्षेची तयारी कशी करावी, हे तुमच्या मुलीला हवं असेल तर निरोप करा. ती फोनवर बोलेल.